दार लावून शिकवायचा विषय

मी तोंड उघडलं की कुणीतरी उठून दार लावतं. जबलपूरच्या मे महिन्यात, वीज गेलेली असताना, खोलीभर माणसं घामाने निथळत असतानासुद्धा लावतं. शाळा असो, नर्सिंगचं कॉलेज असो की पोलीस लाइन, मी 'लैंगिकता' हा शब्द उच्चारला की मागच्या रांगेतला एखादा जबाबदार माणूस उठतो, बाहेर डावी-उजवीकडे बघतो आणि कडी घालतो. जणू मी शब्द समजावून सांगायला नाही, बॉम्ब जोडायला आले आहे. खरं तर बॉम्बगोळे ह्या गावातल्या कारखान्यांत राजरोस बनतात आणि त्यांच्याबद्दल लोक चहाच्या टपरीवर मोकळेपणाने बोलतात.

तर मी समुपदेशक आहे. निवृत्त झाले असं घरचे म्हणतात, पण बोलावणी बंद झालेली नाहीत. माझं काम पहिला धडा देण्याचं. समलिंगी म्हणजे कोण, ट्रान्स म्हणजे कोण, क्वीअर हा शब्द कुठून आला, ह्या माणसांशी बोलायचं कसं, हे ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांना एका तासात सांगायचं. तास एकच. "मॅडम, एक घंटे का कुछ कर दीजिए, ऊपर से आदेश आया है," असा फोन येतो. दुसऱ्या तासाला मला परवापरवापर्यंत कुणी बोलावलेलं नव्हतं. इतकी वर्षं मी ह्या शहराला 'अ अननसाचा' शिकवते आहे आणि शहर दर वर्षी आनंदाने पहिलीतच बसतं.

ह्या अंकाच्या संपादकांनीही फोनवर बजावलं, "काकू, अनुभव लिहा, पण अंक घरातले सगळे वाचतात, जरा सांभाळून." मी म्हटलं, माझ्या अनुभवातली माणसं घरातलीच आहेत. ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून आधी माझं दुकान उघडून दाखवते. मी सत्राला जाताना स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा घेऊन जाते. तक्ते आणि पडदे लावून पाहिले, लोक पडद्याकडे बघायला लाजतात. डब्याकडे मात्र निर्भयपणे बघतात. एका वाटीत हळद: मी कोण आहे, पुरुष, बाई, की ह्या दोन्हीत न मावणारी व्यक्ती. जन्माच्या वेळी दाईने जे सांगितलं ते ज्याला आतून पटत नाही, तो ट्रान्स. दुसऱ्या वाटीत तिखट: माझं मन कुणाकडे ओढ घेतं. पुरुषाचं पुरुषाकडे, बाईचं बाईकडे, कुणाचं दोघांकडे, आणि कुणाचं कुणाकडेच नाही. हेही असतं आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. ज्यांची हळद किंवा तिखट गावाने ठरवलेल्या मापात बसत नाही, त्या सगळ्यांना मिळून क्वीअर म्हणतात. पूर्वी हा शब्द शिवी म्हणून फेकून मारत. ज्यांना लागला त्यांनीच तो उचलून अंगावर मिरवायला घेतला.

तिसऱ्या वाटीपाशी लोक पुन्हा एकदा दाराची कडी तपासतात. तिसऱ्या वाटीत मोहरी: जोडप्याला एकांतात काय आवडतं. काहींना हुकूम द्यायला आवडतं, काहींना ऐकायला. काहींना डोळ्यावर पट्टी हवी, काहींना हातावर दोर. ह्याला किंक म्हणतात. ही वाटी वेगळी आहे, हे मी दर वेळी घसा खरवडून सांगते. समलिंगी माणसाला असली आवड असेलच असं नाही आणि ज्यांना असते त्यांतले कित्येक लग्नाच्या पंक्तीत जोडीने वाढायला उभे असलेले नवरा-बायको असतात. मोठ्या शहरांत ह्यांचे गट आहेत. लोकांना वाटतं तिथे काय काय चालत असेल! मी सांगते काय चालतं: माणसं चहा पितात आणि नियमांवर बोलतात. आधी विचारायचं. काय चालेल, काय नाही, ते उजेडात बसून ठरवायचं. एक शब्द पक्का करायचा. तो कुणीही म्हटला की दुसऱ्याने त्या क्षणी थांबायचं, कारण विचारायचं नाही. आणि सगळं झाल्यावर एकमेकांची विचारपूस करायची. आमच्या मराठी मंडळाच्या घटनादुरुस्तीच्या सभेइतकंच हे रटाळ असतं. फरक एवढाच की तिथे थांब म्हटल्यावर माणूस थांबतो.

गिऱ्हाइकं नाना प्रकारची. एका पोलीस अधिकाऱ्याने वही उघडून विचारलं, "मॅडम, इनको पहचानें कैसे? कोई लक्षण?" मी म्हटलं, सर, त्यांना नाव विचारलं की ते सांगतात. त्यांनी ते लिहूनही घेतलं. गढा भागातल्या एका शाळेच्या प्राचार्या म्हणाल्या, "सब बताइए बच्चों को, बस वो शब्द मत बोलिएगा." कुठले शब्द विचारलं तर त्यांनी तेही सांगितले नाहीत, त्या शब्द बोलत नसत ना. आणि दर सत्रात, अगदी न चुकता, शेवटी एक माणूस माझ्याजवळ येऊन कुजबुजतो, "मॅडम, आप खुद भी...?" मी सांगते की नाही हो, मी साधी बाई, नवरा आहे, दोन मुली आहेत, सोमवारी उपास करते. त्याचा चेहरा पडतो. मेहनत वाया गेल्यासारखं बघतो.

आता मुद्द्याचं. पुढे सांगते त्यातली नावं बदललेली आहेत आणि ज्यांची गोष्ट आहे त्यांनी ती वाचून होकार दिला आहे. समीरची एवढीच तक्रार होती की त्याचा राग जरा कमी दाखवावा. तो मी मुळीच कमी केलेला नाही.

आमच्या मंडळाने गणेशोत्सवात मला बोलावलं. मोदक स्पर्धा आणि अंताक्षरी ह्यांच्या मधे एक फट होती, ती प्रबोधनाने बुजवायची होती. बायका सभागृहात, पुरुष बाहेर व्हरांड्यात पत्ते कुटत. मी डबा उघडला, दार लागलं. समोरच्या रांगेत चेरीतालच्या सुमनताई बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, मंडळाच्या माजी चिटणीस, आवाज असा की त्यांना माइक द्यायची गरज पडत नसे. हळद-तिखटापर्यंत त्यांनी मान डोलावत ऐकलं. मोहरी आली आणि त्यांचा हात वर गेला.

"काहो वहिनी, हे सगळं फॉरेनचं असन ना? आपल्या मराठी लोकांत असलं काही नसते."

मी म्हटलं, "असतं, सुमनताई. आपल्यात फक्त दार लावलेलं असतं."

बायका हसल्या. सुमनताई हसल्या नाहीत. "आपल्या घरच्या संस्काराचा प्रश्न आहे," असं म्हणून त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि अंताक्षरी वेळेवर सुरू झाली.

मग दिवाळीची साफसफाई आली. एका सकाळी आम्ही दोघं पोहे खात होतो. माझे यजमान कारखान्यातून निवृत्त झालेले. सकाळच्या पोह्यांबरोबर ते रोज जुन्या फोरमनची एक गोष्ट सांगतात, माझी ऐकायची तयारी असो वा नसो. त्या गोष्टीच्या मध्यावर सुमनताई आल्या. चपला उलट्यासुलट्या काढल्या, कापडी पिशवी पोह्यांच्या बशीशेजारी ठेवली आणि रडायला लागल्या. इतकी वर्षं ओळखत होते, त्यांना रडताना प्रथमच पाहिलं.

पिशवीत मऊ सुती दोराची नीट घडी केलेली गुंडाळी होती आणि आतून मखमल लावलेले दोन पट्टे. दिवाण रिकामा करताना सून-मुलाच्या खोलीत सापडलेले. माझ्या यजमानांनी पिशवीत डोकावून पाहिलं, "हे गाईगुरांचं दिसतं," असा निर्वाळा दिला आणि बशी घेऊन बाल्कनीत गेले.

"श्वेताच्या मनगटावर मी वळ पाहिले होते," सुमनताई म्हणाल्या. "विचारलं तर म्हणे बांगडी रुतली. मी बी येडी, मानलं. वहिनी, माझ्या पोटचा पोरगा बायकोले बांधून मारून राहिला! बाहेर इतका गोड बोलते. काहून करत असन तो असं? आम्ही काय कमी केलं?"

मला सांगायला हवं की त्या क्षणी मला त्यांचा अतोनात आदर वाटला. माझ्याकडे सासवा पुष्कळ आल्या आहेत. सून बिघडलेली, सून बोलत नाही, सून फार बोलते. स्वतःच्या मुलाविरुद्ध सुनेच्या बाजूने उभी राहिलेली सासू मी त्यांच्याआधी पाहिलेली नव्हती. समीर वीज खात्यात इंजिनिअर, एकुलता एक, त्यांच्या गळ्यातला ताईत. तरीही त्यांनी त्याला एका शब्दाने विचारलं नाही. चांगल्या माणसाने केलेली चूक फार नीट, पूर्ण आणि वेळेवर होते. सुमनताई आदल्या संध्याकाळीच परिवार परामर्श केंद्रात तक्रार देऊन आल्या होत्या आणि तिथूनच बालाघाटला श्वेताच्या वडिलांना फोनही केला होता.

परिवार परामर्श केंद्र म्हणजे ठाण्याच्या आवारातली एक खोली. घरची भांडणं कोर्टात जायच्या आधी तिथे येतात आणि आमच्यासारखे समुपदेशक ती ऐकतात. जमलं तर मिटतात, नाही तर पुढे गुन्हा दाखल होतो. समीर सरकारी नोकर. गुन्हा दाखल झाला असता तर आधी निलंबन झालं असतं आणि खरं-खोटं सवडीने ठरलं असतं. श्वेताला वडील बालाघाटला घेऊन गेले असते. एकदा अशी घरी नेलेली मुलगी परत येत नाही, हे मी पाहिलेलं आहे. तिला कुणी विचारतच नाही.

पण त्या घडीला मलाही ठाऊक नव्हतं की सुमनताई चुकल्या आहेत की बरोबर आहेत. हे वाचणाऱ्यांनी नीट ऐकावं, कारण इथे माझा धंदा डबा-वाट्यांचा राहत नाही. मखमल लावलेला पट्टा पाहून 'हा किंक, म्हणजे सगळं गोड' असं म्हणणारा समुपदेशक आणि 'हा पट्टा, म्हणजे राक्षस' असं म्हणणारा समुपदेशक, दोघेही सारखेच बेकार. मारणारे नवरेही हल्ली शिकलेले असतात. "तिला आवडतं" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. म्हणून बाईशी एकटीशी बोलायचं. नवरा नको, आई नको, सासू तर नकोच.

श्वेता आली ती घाबरून पांढरी पडलेली. मी केंद्रातल्या मागच्या खोलीत तिला बसवलं, आणि आयुष्यात प्रथमच मीच उठून दार लावलं.

"काकू, मम्मी ने बाबा को क्या बताया?" तिने हिंदीत विचारलं. मम्मी म्हणजे सासू, बाबा म्हणजे तिचे वडील. ही पोरं मराठी समजतात. बोलायची वेळ आली की हिंदीत पळतात. माझ्याशी ती मग अर्धी-अर्धी बोलली.

मी विचारलं, ही कल्पना कुणाची होती?

ती टेबलाकडे बघत म्हणाली, "मेरी. मीच म्हटलं होतं. तो तर घाबरून राहिला होता. त्याने आधी कितना कुछ पढ़ा, मग म्हणे, नियम ठरवू." आणि ती हसली, रडतारडता. "काकू, तो इंजिनिअर आहे ना. त्याने दोर सुद्धा टेस्ट केला."

थांबवायचं असेल तर?

"एक शब्द आहे."

कधी वापरलास?

"एकदा हात सुन्न झाला होता. मी शब्द बोलली, त्याने लगेच सोडलं. वो निशान उसी दिन का था. रात्रभर तोच रडून राहिला, मी त्याची समजूत घातली."

आणि एरवी, दिवाणाबाहेर, स्वयंपाकघरात, पगाराच्या दिवशी, माहेरी जायच्या वेळी त्याची भीती वाटते का? हा माझा खरा प्रश्न असतो. बाकीचे त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी असतात. श्वेताने माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्नच तिला कळला नाही. "समीरची?" ती म्हणाली. "समीर तर झुरळाला घाबरतो."

मी शब्द विचारला नव्हता, तिनेच सांगितला. जलेबी. खव्याची जलेबी ह्या गावाची शान, त्यांची पहिली भेट ती खातानाच झालेली, आणि त्या वेळी तो शब्द चुकून तोंडात यायची शक्यता नाही, म्हणून. "बाबांना नका सांगू," ती म्हणाली. "मर जाऊँगी." मी वचन दिलं. समुपदेशकाचं वचन म्हणजे नंतर स्वतःच्या हाताने स्वतःचा गळा आवळणं, कारण सांगायचं तर आहे आणि सांगता तर येत नाही.

बैठक भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर 'सुखी परिवार' असं लिहिलेलं चित्र, ज्यात नवरा पेपर वाचतो आहे आणि बायको चहा घेऊन उभी आहे. केंद्राच्या प्रमुख सब-इन्स्पेक्टर ठाकूर मॅडम टेबलामागे. एका बाजूला सुमनताई आणि त्यांचे यजमान दादासाहेब; दादासाहेब रेल्वेतून निवृत्त झालेले आणि बैठकीचा विषय न कळलेले. मधे समीर आणि श्वेता. दुसऱ्या बाजूला श्वेताचे वडील, बालाघाटचे धान्याचे व्यापारी, ज्यांना सगळे भाऊजी म्हणतात, आणि तिचा थोरला भाऊ राजेश, जो बाह्या वर करूनच आला होता.

मी सांगितलं: मी श्वेताशी एकटीशी बोलले आहे, तिच्यावर जबरदस्ती झालेली नाही, तिला सासरीच राहायचं आहे.

"सगळ्याच पोरी असं म्हणतात, मॅडम," भाऊजी म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "घर मोडू नाही म्हणून म्हणतात. माझ्या बहिणीनं बी म्हटलं होतं. आम्ही मानलं. मग ते गेली."

त्यांच्या जागी मी असते तर मीही मानलं नसतं. ठाकूर मॅडमने पेन उचललं. सुमनताई पदराने डोळे पुसत होत्या. श्वेता म्हणाली, "बाबा, मला कुठे नाही जायचं."

"तुले काय समजते!" राजेश उठला आणि त्याने तिचं मनगट धरलं. "चल. गाडी उभी आहे."

"भैया, सोड."

"चल म्हटलं ना!"

"भैया, लागून राहिलं. सोड."

आता समीर उठला. मघापर्यंत खाली मान घालून बसलेला पोरगा असा उठला की खुर्ची मागे जाऊन भिंतीवर आदळली. तोंडातून शिव्या, मूठ वर, आणि तो राजेशच्या अंगावर चालून गेला. ठाकूर मॅडम ओरडल्या, दादासाहेब "अरे, अरे" करत राहिले, मी मधे पडायला गेले आणि टेबलाला धडकले. त्या मुठीचं काय होणार हे मला स्वच्छ दिसत होतं. ठाण्याच्या आवारात, फौजदाराच्या समोर, मेव्हण्याला मारहाण. आता वेगळ्या गुन्ह्याची गरजच उरली नसती. सुमनताईंच्या चेहऱ्यावर तर लिहिलेलंच होतं: हाच तो, घरात असाच असणार.

"समीर," श्वेता म्हणाली. मोठ्याने नाही. "जलेबी."

मूठ वरच्या वर थांबली. तो हात खाली आला, उघडला. शिवी अर्धीच राहिली. तो मागे सरकला, पडलेली खुर्ची उचलली, तिच्यावर बसला आणि धापा टाकत तिला विचारलं, "तू ठीक आहेस? पाणी देऊ?"

मग दादासाहेब म्हणाले, "जलेबी कुणी मागवली?"

त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण सगळे आता दुसरंच बघत होते. राजेशने अजून श्वेताचं मनगट सोडलेलं नव्हतं.

सुमनताई उठल्या. मला वाटलं त्या समीरकडे जातील. त्या राजेशसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या त्यांच्या त्या आवाजात म्हणाल्या, "सोड तिचा हात. सोड म्हणून राहिली ना ते केव्हाची? ऐकू नाही येत?"

राजेशने हात सोडला. श्वेताच्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ उठले होते, लाल, मोजून घ्यावेत असे स्पष्ट. सुमनताईंनी ते मनगट हातात घेऊन पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग त्यांनी समीरकडे पाहिलं, तो खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता, शाळकरी मुलासारखा. आणि मग माझ्याकडे.

"वहिनी, हे जलेबी काय आहे?"

मी श्वेताकडे बघितलं. तिने डोळे मिटले आणि मान हलवली, सांगा. मी सांगितलं ते एवढंच, की ह्या दोघांच्या घरात एक नियम आहे. एकाने हा शब्द म्हटला की दुसऱ्याने जे चाललं असेल ते तिथल्या तिथे थांबवायचं. का, कशाला, माझंच खरं, असं काही म्हणायचं नाही. दोर, पट्टे, मोहरी, काही मी काढलं नाही. सुमनताईंना बाकीचं कळायला काही अडचण नव्हती. गणपतीत घड्याळाकडे बघत का होईना, त्यांनी तास ऐकलेला होता.

"कधीबी?" त्यांनी विचारलं.

"कधीही."

"आणि हा थांबते?"

"मम्मी, आत्ता आपने देखा ना," श्वेता म्हणाली.

भाऊजी मुलीच्या मनगटाकडे बघत होते. मग मुलाकडे बघून ते म्हणाले, "राजेश, तू बाहेर जाऊन बस." तो काहीतरी बोलू लागला तर म्हणाले, "एकदा सांगितलं." आणि माझ्याकडे वळून, अगदी हळू, "मॅडम, माझ्या बहिणीचा नवरा कोणाच्याच सांगण्यानं थांबला नाही. हा थांबला. मी पाहिलं. माझी हरकत नाही." त्यांनी आणखी काही विचारलं नाही. मला वाटतं, त्यांना विचारायचंही नव्हतं. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं. ठाकूर मॅडमने 'समझौता' असा शेरा लिहिला. मला दाराशी गाठून त्या म्हणाल्या, "मैडम, ये वर्ड वाला सिस्टम... कोई भी रख सकता है?" मी म्हटलं, ठेवता येतो, पण दोघांनी ठेवावा लागतो. त्या विचारात पडल्या.

श्वेता सासरीच राहिली. शब्द त्यांना बदलावा लागला, कारण जुना आता अर्ध्या खानदानाला पाठ झाला होता. पिशवी सुमनताईंनी परत दिवाणात ठेवली आणि माझ्यापाशी जाहीर केलं की ह्यापुढे पोरांचा दिवाण पोरांनीच साफ करावा.

त्या दिवाळीच्या फराळाला मी त्यांच्याकडे गेले होते. दादासाहेब इटारसीच्या यार्डातली गोष्ट सांगत होते, जी मी ऐकलेली होती आणि सुमनताईंनी तर लग्नापासून ऐकलेली होती. सुमनताईंनी चकलीची ताटली खाली ठेवली आणि त्यांच्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "अहो. जलेबी."

दादासाहेब थांबले. क्षणभर माझ्याही मनात आशा आली. "आणतो की," ते म्हणाले, "पण हे ऐका आधी," आणि गोष्ट पुढे सुरू झाली. सुमनताई हसल्या. पण हसून झाल्यावर आत जाताना मला म्हणाल्या, "वहिनी, माझं सगळं आयुष्य चांगल्या माणसाबरोबर गेलं. कधी हात नाही उचलला ह्यांनी. पण माझ्या बोलण्यानं हे कधी थांबल्याचं आठवत नाही मला." मलाही माझ्या घरचं काही आठवेना, म्हणून मी चकली खाल्ली.

संक्रांतीच्या आधी मंडळाचा फोन आला. सुमनताईच बोलत होत्या, पुन्हा चिटणीस झाल्या होत्या. "हळदीकुंकवाला तुमचं व्याख्यान ठेवून राहिलो. मागचं नका सांगू, मागचं झालं. पुढचा तास घ्या." इतक्या वर्षांत दुसरा तास मागणारं पहिलं माणूस. मी फोन ठेवला आणि डबा पुसायला घेतला. यजमानांनी विचारलं काय झालं, आणि उत्तर ऐकायच्या आधी फोरमनची गोष्ट काढली.

सभागृह भरलं होतं. ओटीतली बोरं, तिळगूळ, नव्या साड्यांचा वास. श्वेता मागे भिंतीला टेकून उभी होती. पुरुष नेहमीप्रमाणे व्हरांड्यात, पत्ते वाटून झालेले, कुणाचा तरी मोठ्याने वाद चाललेला. मी डबा काढला, झाकण उघडलं आणि पहिलं वाक्य बोलले. एक बाई लगबगीने उठल्या आणि दाराकडे गेल्या.

"बसा हो," सुमनताई पुढच्या रांगेतून म्हणाल्या. "दार उघडंच राहू द्या. नवरे बाहेर बसले आहेत."